न पसरणारी शाई

नागेश गुरुजींच्या हातात लिहिलेला कागद द्यायचा म्हणजे त्या कागदाची आशा सोडायची. ते आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावत आणि एखाद्या अक्षरावरून सावकाश फिरवत. शाई हलली की दुःखाने म्हणत, ‘पसरली.’ नाही हलली तर, ‘धरून हाय.’ मजकूर वाचायचा तो त्यानंतर, उरला असेल तर. रामनगरच्या शाळेत मी रुजू झाले त्याच महिन्यात माझ्या रजेच्या अर्जातला ‘ताप’ त्यांनी असा साफ पुसून टाकला. हेडमास्तर मला विचारायला लागले, बाई, तुम्हाला रजा नेमकी कशासाठी हवी आहे?

शाळेच्या कपाटात त्यांच्या पाच दौती होत्या. पाचही शायांची वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची. कागदाच्या पट्ट्यांवर ‘क’ची बाराखडी लिहायची, एक पट्टी कौलांवर उन्हात, एक पागोळ्यांखाली, आणि एक गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात. हा घामाचा पेपर. पंधरा दिवसांनी निकाल वहीत चढायचा. ‘निळी: उन्हात बरी, पाण्यात ढ. जांभळी: दिसायला हुशार, भरवसा नाही. काळी: पाण्यात काठावर पास.’ बाकीच्या दोघी कायमच्या नापास होत्या, पण त्यांनाही दर वेळी बसवायचेच. गुरुजींच्या घरी काकी मला सांगायच्या, ‘पाऊस आला की लोक कापडं आत घेत्यात. आमचं हे कागद घेऊन भाईर पळत्यात.’

हसू यायचं, पण या वेडाचं कारण सगळ्या शाळेला ठाऊक होतं. गुरुजींचं जुनं गाव आणि तिथली शाळा सुप्याच्या धरणात गेली. सामान हलवताना शाळेची ट्रंक पावसात भिजली, आणि ट्रंकेत होतं जनरल रजिस्टर, मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहिलेलं. ते उघडलं तेव्हा पानापानांवर नुसते निळे ढग होते. एरवी गुरुजींनी दोष पावसाला दिला असता. पण त्या काळी शाळेला शाईच्या पुड्या मिळायच्या, आणि पुडी वर्षभर पुरावी म्हणून गुरुजी तिच्यात दुप्पट पाणी घालायचे.

‘पाणी मी घातलंय, बाई,’ ते मला म्हणाले होते. ‘पावसानं काय, माझंच पाणी पुरं केलं.’

म्हणून ते रजिस्टर नव्याने लिहीत होते. रामनगरात, खानापुराकडे, जिथे जिथे ती कुटुंबं पांगली तिथे जाऊन मुलांच्या आयांना जन्मतारखा विचारत. आया सांगत, भात पोटरीला आलं होतं, किंवा थोरल्या म्हशीला रेडकू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी त्यावरून पंचांग घेऊन बसत. फॉरेस्टात नोकरीला लागायचं तर पोरांना जन्माचा दाखला लागायचा, त्यामुळे घाई होती. तरी निम्मी पानं कोरीच होती. कारण पुन्हा तीच चूक नको, शाई पक्की हवी, आणि काठावर पास झालेल्या काळीवर गुरुजींचा विश्वास बसत नव्हता.

अशात माझा जहाजावर नोकरी करणारा भाऊ सुट्टीला आला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्याने मला एक परदेशी पेन दिलं. खरंखुरं निबाचं शाईपेन, पण निळी शाई आतच भरलेली. संपली की पेन फेकून द्यायचं. मी ते मधल्या सुट्टीत गुरुजींना दाखवलं.

‘निब चालू असताना पेन फेकायचं?’

‘हो. तशीच पद्धत आहे म्हणे.’

‘त्यांच्याकडं दौत मिळत न्हाई व्हय?’

सबंध सुट्टी ते पेन हातात धरून बसले. एखाद्या धडधाकट माणसाला मसणात नेताना पाहिल्यासारखा चेहरा. मग त्यांनी पेन पिळून, ओढून, दाताने धरून पाहिलं. उघडेना. शेवटी पट्टी लिहून पागोळीखाली लावली.

पंधरा दिवसांनी गुरुजी माझ्या वर्गात आले, मुलांसमोर. पट्टी धुतल्या पातळासारखी स्वच्छ, आणि ‘क’ पासून ‘कः’ पर्यंत सगळी बाराखडी जागच्या जागी. पाच दौतींचा असा पराभव मी पाहिला नव्हता. गुरुजींना आनंदही झाला होता आणि अपमानही.

‘धरून हाय,’ ते म्हणाले. ‘फेकायच्या पेनात असली शाई भरत्यात, आणि जपून ठेवायच्या दौतीत आमची ही.’

मी पेन त्यांनाच देऊन टाकलं. वाटलं, आता रजिस्टर झपाट्याने पुरं होणार. झालंही, पण काळ्या दौतीने. माझं पेन त्यांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. मी दर आठवड्याला डिवचायची, ‘गुरुजी, पेनाचं लोणचं घातलंत का?’ ते नुसते हसायचे. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. एवढी पक्की शाई, आणि ज्या पोरांच्या नोकऱ्या अडल्या होत्या त्यांना ती मिळू नये.

माघात आम्ही उळवीच्या जत्रेला गेलो. रजिस्टर गुरुजींच्या पिशवीत. जत्रेत जुन्या गावची माणसं भेटत, म्हणून ते दर वर्षी नेत. देवळामागच्या झाडाखाली अणशीकडची एक म्हातारी त्यांची वाट पाहत बसली होती, चंद्राक्का.

‘सोमाचं हाय न्हवं मास्तर?’

‘हाय की अक्का.’

सोमा तिचा मुलगा. तिसरीत असताना तापाने गेला. तिच्याजवळ त्याचा फोटो नाही, काही नाही. ती दर जत्रेला येऊन रजिस्टरातलं त्याचं नाव वाचून घ्यायची. आणि इतकी वर्षं गुरुजी जुन्या रजिस्टरातल्या एका निळ्या डागाकडे पाहून तिला ते वाचून दाखवत होते. ती हात लावू बघायची तेव्हा म्हणत, सरकारी हाय अक्का, हात लावायचा न्हाई.

त्यांनी रजिस्टर उघडलं. काळ्या ओळींच्या मध्ये एकच ओळ निळी होती, माझ्या पेनाची. मी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना माझ्या मनातला राग कळला असावा.

‘बाकीच्यांचं पुसलं तर ती येऊन सांगतील, बाई,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘ह्यो कुठनं येणार सांगायला?’

मला लाज वाटली, आणि आपण या माणसाबरोबर नोकरी करतो याचं फार बरंही वाटलं.

गुरुजींनी चंद्राक्काचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं, ‘सोमा लक्ष्मण गावडा. इयत्ता तिसरी.’ ती बोट हळूहळू सरकवत ओळीच्या टोकापर्यंत गेली.

‘लांब हाय की नाव,’ ती म्हणाली.

‘व्हय. बापाचंबी हाय त्यात.’

‘मग परत एकदा वाचा,’ म्हणत तिने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर आणलं.