कर्णा की पेटी

आण्णांनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की ग्रामोफोनचा आवाज जरा वाढवायचा. (पुढे जे झालं त्यात माझा हात होता, हे मी आधीच सांगून टाकते.)

आण्णा इथे जालन्यात एका जिनिंगमध्ये कारकून आहेत. त्यांनी काचेचे दोन व्हॉल्व्ह आणि मोटारीची जुनी बॅटरी जमवून आवाज वाढवायचं यंत्र केलं. यंत्र चाललं, पण त्याची ताकद बेताचीच. साधारण माझ्या आवाजाएवढी. (शाळेत मी रोज 'हाजिर' म्हणते आणि उस्तानीबाई रोज माझी गैरहाजिरी लावतात.) इकडे आईने चैत्रातल्या हळदीकुंकवाला अख्ख्या गल्लीला गाणं ऐकायला बोलावून ठेवलेलं.

त्याच दुपारी घड्याळवाले खुर्शीदचाचा दोन स्पीकर घेऊन आले. एक पोचे पडलेला पत्र्याचा कर्णा, दुसरी चकचकीत लाकडी पेटी. एक आम्ही ठेवायचा, दुसरा ते संध्याकाळच्या गाडीने औरंगाबादला परत नेणार.

"रामकिसनराव, तुमची मशीन दुबळी," चाचा म्हणाले. "पेटी म्हंजे दांडगा बैल, खुराक बी दांडगा मागते. कर्णा थोडं खातो अन् जास्ती ओरडतो."

आण्णांचा जीव पेटीच्या पॉलिशवर जडला होता. मग परीक्षा ठरली. परका माणूस आला की आई बाहेर येत नाही, हाकही मारत नाही. काही सांगायचं असलं की स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजवते. गाणं ऐकू आलं तर कडी वाजव, हा निरोप मी आत जाऊन सांगितला. आई डाळ वाटत होती. ती "हं" म्हणाली.

आधी कर्णा जोडला. तो असा गरजला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली. कडी काही वाजली नाही. चाचा दाराकडे बघत राहिले.

मग मी पेटी जोडायला घेतली. तबकडी फिरू लागली. सुई घासल्याचा बारीक आवाज येत होता, त्यात गाण्याचा भास होता. "बारीक आहे, पण गोड आहे," आण्णा डोळे मिटून म्हणाले. तेवढ्यात कडी खणखणली.

"बघा! पार आत ऐकू गेलं."

"मला तर काहीच आलं न्हाई," चाचा गोंधळून म्हणाले. आण्णांनी दोष त्यांच्या कानांना दिला, जन्मभर टिकटिक ऐकून ते गेले म्हणे.

मी खाली पाहिलं. पेटीची एक तार माझ्याच मुठीत होती.

"आण्णा, तार..." मी म्हणाले.

"काय बेटा?" चाचांनी वळून विचारलं. दोघेही माझ्याकडे बघू लागले आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा झालाय."

चहा खरंच झाला होता. कडी त्याचीच होती. माझा निरोप आईला ऐकूच गेला नव्हता.

कर्णा गाडीने गेला. संध्याकाळी बाया जमल्या. तोवर मी गुपचूप तार जोडली होती, पण पेटीचा आवाज सुईपेक्षा जरासाच मोठा निघाला. तुळजाबाईंनी पेटीला कान लावला, मग दुसरा लावला. "आत कुनी हाय का?" त्यांनी विचारलं. आईने दाराशी उभ्या आण्णांकडे असं पाहिलं, की ते पेटीमागे जाऊन यंत्राचे व्हॉल्व्ह पुसू लागले.

मला राहवलं नाही. मीही पेटीमागे गेले आणि आण्णांना खरं सांगितलं. ते "काय?" म्हणाले. पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" तिसऱ्या वेळी रडू आलं आणि मी जीव खाऊन ओरडले, "दुपारी तार माझ्या हातात होती!"

सगळ्या बायांनी पेटीकडे माना वळवल्या. मग अंगणाच्या पार टोकाला बसलेल्या दुर्गाबाई समाधानाने म्हणाल्या, "आता बराबर आलं ऐकू."

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की रामकिसनरावांची पेटी एकदम खणखणीत आहे, फक्त गाणं जरा रडकं लावलं होतं.