ठवकर काकाजींचा गुडघा

आमच्या शेजारचे ठवकर काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी संडासात जातात. गैरसमज नको. ते कमोडच्या कडेला गुडघा टेकवतात, दोन्ही हातांनी कमोड हलवून पाहतात आणि बाहेर येऊन निकाल देतात, "हालते गा." मग कुठे बसून पाणी पितात.

कमोडच असं नाही. खुर्ची, पलंग, जिन्याचा कठडा, सगळ्यांना त्यांच्या गुडघ्याची परीक्षा द्यावी लागते. माझ्या भाच्याच्या लग्नात आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि आधी नवरा-नवरीच्या सोफ्याला गुडघा लावला. सोफा हलला. काकाजींनी नवरीसमोरच सोफ्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला आणि मग अक्षता टाकल्या. त्यांची सगळी नोकरी वाडीला ट्रकांच्या वजनकाट्यावर गेली. "काटा हालला का वजन गेलं," असं ते म्हणतात. अख्ख्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि मला ते पहिल्यापासून खुपायचं.

पण खरा जळलो तो गेल्या उन्हाळ्यात. आईच्या खुब्याचं ऑपरेशन धंतोलीतल्या दवाखान्यात झालं. ती घरी यायच्या आत मी तिच्यासाठी बाथरूम नवं करून घेतलं. खाली बसायचा संडास काढून कमोड आणला, भिंतीला धरायची दांडी लावली आणि सात दुकानं पालथी घालून निळसर रेघांच्या टाइल्स निवडल्या. कमोडच्या बुडाला असलेल्या भोकांतून फरशीत स्क्रू मारायला मिस्त्रीनं ड्रिल काढलं, तेव्हा मीच आडवा आलो. माझ्या टाइल्सना भोक? जमणार नाही! मिस्त्रीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नुसत्या व्हाइट सिमेंटवर कमोड चिकटवून दिला.

आई घरी आली, दांडी धरून बसली आणि कमोड तिच्यासकट डावीकडे कलला. "अगं माय वं!" ही हाक भिंतीपलीकडे गेली. काकाजी अनवाणी धावत आले. आईला सावरून खुर्चीवर बसवलं, मग आत जाऊन गुडघा टेकवला.

"हालते," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, तुमी माह्याकडं येत जा. माह्यावाला नाही हालत."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता माझी आई वॉकर टेकत टेकत शेजारी जाऊ लागली. लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, बंगल्यावर जळतात. मी कमोडवर जळत होतो. बरं, ती गेली तशी परत येईल म्हणावं, तर नाही. तासभर भिंतीपलीकडून दोघांच्या हसण्याचे आवाज. चहाही तिथंच. आमच्याकडे दिवसभर "हो" आणि "नको" एवढंच बोलणारी आई तिथं कन्हानच्या माहेरच्या गोष्टी सांगत बसायची. परत आल्यावर वर मला ऐकवायची, "त्यायच्या इथं कसं बिनघोर बसता येते, मोहन."

दहा दिवस मी तग धरला. अकराव्या दिवशी शरण गेलो. "काकाजी, पाडा भोक माझ्या टाइल्सला."

आणि इथं नवलच झालं. न बोलावता लोकांचे पलंग ठोकून देणारा हा माणूस चक्क टाळाटाळ करू लागला. एकदा म्हणे ड्रिलची बिट बोथट झाली. एकदा म्हणे, "लय गरम होऊन राहिलं गा, टाइल तडकून जाईल." नंतर आठवडाभर मापाचा स्क्रूच मिळेना. मला वाटलं, माझी फजिती गल्लीनं अजून थोडी पाहावी, असं यांच्या मनात आहे. मी चिडलो. एका सकाळी ड्रिल मागून आणायला त्यांच्या घरी गेलो.

आई आतल्या खोलीत होती. काकाजी ओट्यापाशी चहा टाकत होते. दोन कप मांडलेले. कपांच्या शेजारी वाटीत दोन लांब स्क्रू होते, वॉशरसकट, तेल लावून पुसलेले. वाटीखालच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मोहनचा कमोड’.

मी वाटीकडे पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं. गॅस बारीक केला.

"पहिल्याच दिवशी आणले होते," ते म्हणाले.

"मग काहून नाही लावले, काकाजी?"

"मी तर मागच्या देशी संडासात जातो गा. मले कमोडवर जमतच नाही. हा अक्कासाठी बसवला होता. माही मोठी बहीण. तिनंच वाढवलं मले. तिचे गुडघे गेले, म्हटलं इथं आणतो. तर तिचा पोरगा तिले पुण्याले घेऊन गेला." त्यांनी चहात साखर टाकली, ढवळली. "तीन वर्षं झाले. त्याच्यावर कोणी बसलंच नव्हतं, बाबू. वहिनीच पहिल्या."

जळायला आलो होतो आणि लाज वाटली.

त्याच दुपारी ते सपाटी पाहायची पाणसळ आणि ड्रिल घेऊन आले. माझ्या टाइल्सवर आधी चिकटपट्टी लावली, मग हळूहळू भोकं पाडली. एकही तडा नाही. स्क्रू आवळले, गुडघा टेकवला, दोन्ही हातांनी जोर लावला. "नाही हालत," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आईनं आमच्याच बाथरूममध्ये सगळं उरकलं. मी बाहेर कान देऊन उभा होतो. जिंकल्यासारखं वाटलं. मग सात वाजता तिनं वॉकर ओढला आणि दाराकडे निघाली.

"आई, आता कुठे?"

"चहाले," ती म्हणाली.

मी तिला त्यांच्या दारापर्यंत सोडायला गेलो. ओट्यावर एकच कप होता. काकाजी दचकून वळले. "काहून वहिनी, हालते का पुन्हा?"

"नाही जी भाऊजी. पक्का बसला."

काकाजींनी फळीवरून दुसरा कप काढला, आईची रोजची खुर्ची पुढे ओढली आणि तिला गुडघा लावून पाहिला.

"बसा," ते म्हणाले. "नाही हालत."

मी घरी परत आलो आणि माझ्या कमोडवर जाऊन बसलो. तोही हलत नव्हता. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला आणि खरं सांगतो, मी पुन्हा थोडा जळलो.