नेटवर्क कार्डाचा केसपेपर

तीन आठवडे आमचा संगणक मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारत होता: नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आहे, आता घालू की नंतर? मी रोज ‘नंतर’ दाबायचे. पण कुणालाही सलग एकवीस वेळा नाही म्हणणं मला झेपत नाही. (दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना मी नको म्हणू शकत नाही, म्हणून आमच्या घरात फरशी पुसायचे पाच दांडे आहेत. फरशी एकच.) बाविसाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मला त्याची दया आली आणि मी ‘आता’ दाबलं.

त्याच दिवशी बारा वाजता माझी मुलाखत होती.

हसू नका. मुलाखतीच्या धास्तीने मी पहाटेपासून हाताला लागेल ते आवरत सुटले होते. कपाट झालं, पडदे झाले, उरला होता तो संगणकच. शिवाय ही मुलाखत साधीसुधी नव्हती. पदवी घेतल्यापासून दीड वर्षात आलेलं हे पहिलं बोलावणं. संगणक बनवणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्रात जागा होती आणि काम काय, तर घाबरलेल्या ग्राहकांना फोनवर धीर देऊन त्यांचा संगणक चालू करून देणं. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘मुलाखत संगणकावरूनच द्यावी. मोबाईलवरून येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही.’

साडेदहाला पडदा काळा झाला आणि त्यावर मोठ्ठं ‘नमस्कार’ उमटलं. मी दचकून खुर्चीतून उठले आणि (कुणाला सांगू नका) उलट नमस्कार केला. मग सगळं नवं कोरं, चकाचक दिसायला लागलं. फक्त कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या खुणेवर एक फुली होती. मी त्या फुलीवर दाबलं. उत्तर आलं, ‘नेटवर्क कार्ड सुरू होऊ शकले नाही. उपाय शोधण्यासाठी कृपया इंटरनेटला जोडा.’

हे म्हणजे तळ्यात पडलेल्या माणसाला ‘दोर घरी आहे, येऊन घेऊन जा’ म्हणण्यासारखं झालं. मी नवऱ्याला फोन लावला.

“इंटरनेट गेलं!”

“बंद करून परत चालू कर.”

“केलं. चार वेळा.”

“मग खोका उघडून बघ, कार्ड नीट बसलंय का. आणि हे बघ, घाबरू नकोस, मी मीटिंगमध्ये आहे.”

(त्याच्या मीटिंगचा आणि माझ्या घाबरण्याचा काय संबंध, हे मला लग्नाला दोन वर्षं झाली तरी कळलेलं नाही.)

मी संगणकाची वायर काढली, स्क्रू सोडवले आणि झाकण उघडलं. आत इतकी धूळ होती की मला जोरात शिंक आली. त्या शिंकेने मी स्वतःच दचकले, हातातला स्क्रूड्रायव्हर खणकन आत पडला आणि मी किंचाळले.

सासूबाई धावत आल्या. त्या प्रसूतिगृहात बत्तीस वर्षं नर्स होत्या. किंचाळी ऐकू आली की त्यांचे पाय अजूनही आपोआप त्या दिशेने चालायला लागतात. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उघड्या खोक्याकडे.

“पेशंट कोण?”

“हा, आई.”

“वाटत नाही. आधी तू बस. पाणी पी.”

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन घेतलं आणि चष्मा लावला.

“तक्रार कधीपासून?”

“आई, वेळ नाही हो! अकरा वीस झाले!”

“माझ्याकडे बायका कळा देतच गाडीतून उतरायच्या, तरी कागद भरल्याशिवाय मी कुणाला आत घेतलं नाही. कधीपासून?”

“साडेदहापासून.”

“त्याआधी?”

“ठणठणीत होता. आठ वाजता मेल आला की.”

“मधे काय दिलंस?”

“काही नाही.”

“सगळ्या असंच म्हणतात, आणि मग उशीखालून बिस्किटांचा पुडा निघतो. नीट आठवून सांग.”

“नवी सिस्टिम घातली,” मी पुटपुटले. “तोच मागत होता हो, तीन आठवडे.”

“पेशंट मागेल ते द्यायचं नसतं,” असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं. “बाकी काय काय चालतंय? माऊस? कीबोर्ड? आवाज?”

“सगळं चालतंय. नेटवर्क कार्ड तेवढं नाही.”

“म्हणजे दुखणं एका जागी आहे. मग अख्खं पोट कशाला उघडलंस त्याचं? झाक आधी!”

मी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि मुकाट्याने झाकण लावलं. सासूबाईंनी कागदावर एक रेघ ओढली.

“हे बघ. सकाळी बरा होता, नवं औषध दिलं, लगेच बिघडला. याला आम्ही रिॲक्शन म्हणायचो. नवं थांबवायचं आणि जुनं जे मानवत होतं ते परत सुरू करायचं. याचं जुनं औषध कुठे ठेवतात?”

आणि तेव्हा, तीन वर्षं संगणक शिकलेल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. ड्रायव्हर! कार्डाकडून काम करून घेणारा तो छोटासा प्रोग्राम. नव्या सिस्टिमने जुना ड्रायव्हर काढून आपला बसवला होता आणि त्याचं आमच्या म्हाताऱ्या कार्डाशी पटत नव्हतं. मी संगणक सुरू करून उपकरणांची यादी उघडली. नेटवर्क कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. आत बटण होतं: ‘आधीच्या ड्रायव्हरवर परत जा’.

“दाबू?”

“दाब.”

“अजून काही बिघडलं तर?”

“श्वास घे. सोड. आता दाब.”

दाबलं. तर संगणकाने विचारलं, ‘तुम्ही परत का जात आहात?’ मला एकदम अपराध्यासारखं झालं.

“आई, कारण विचारतोय!”

“लिही, मानवलं नाही.”

अकरा त्रेपन्नला संगणक बंद होऊन परत सुरू व्हायला लागला. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, “आता जोर लावू नकोस, होईल आपोआप.” आणि कोपऱ्यातली फुली गेली!

“आलं, आई, आलं!”

सासूबाईंनी सवयीने घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं: अकरा छप्पन्न, सुखरूप.

बाराच्या ठोक्याला मी मुलाखतीत हजर होते. समोर एक प्रमुखबाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ. पहिलाच प्रश्न आला, “अलीकडे संगणकाची एखादी अडचण सोडवलीत का? कशी सोडवलीत?”

मला ऐन वेळी खोटं सुचत नाही. मी सगळं सांगितलं. शिंकेसकट. सांगताना माझ्याच लक्षात आलं की दर दुसरं वाक्य ‘मग सासूबाई म्हणाल्या’ असं सुरू होतंय, पण तोवर गाडी उताराला लागली होती. गृहस्थ भराभरा लिहून घेत होते. शेवटी प्रमुखबाई म्हणाल्या, “छान. जरा त्यांना बोलावता का?”

पुढची पंचवीस मिनिटं माझी मुलाखत सासूबाईंनी दिली. मी शेजारी स्टुलावर बसून होते. कंपनीने त्यांना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. त्यांनी तिथल्या तिथे नाकारली. दोन ते चार त्या झोपतात.

मी आशा सोडली होती, पण तीन दिवसांनी मलाही पत्र आलं. निवड झाली होती! घरभर नाचून झाल्यावर मी पत्र पुढे वाचलं. मदत केंद्रात भरती होणाऱ्या नव्या लोकांना सरावासाठी एक घाबरलेला ग्राहक लागतो. त्यांनी मला फोन करायचा, मी घाबरायचं आणि त्यांनी मला शांत करायचं. ‘या कामासाठी आपल्याइतका योग्य उमेदवार आजवर आमच्या पाहण्यात आलेला नाही,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

मागच्या सोमवारी मी घरूनच रुजू झाले. पहिल्या दिवशी सहा जणांनी मला शांत करायचा प्रयत्न केला आणि सहाही जण नापास झाले. शेवटी प्रमुखबाईंनी स्वतः फोन घेतला, दहा मिनिटं झगडल्या आणि दमून म्हणाल्या, “बरं, सासूबाई जाग्या आहेत का?”