शेपटीचा निर्णय होईपर्यंत

कोणत्याही संस्थेची पत तिच्या इंग्रजी वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ठरते. सुरुवात काय, कोणीही करतो. कर्ता येतो, क्रियापद येतं, माणूस खुशीत असतो आणि मग 'स्लो' म्हणायचं की 'स्लोली' या वळणावर भल्याभल्यांचं धाबं दणाणतं. (आमच्या पाहणीनुसार दहापैकी सहा जण इथे खोकतात. तिघं आवाज बारीक करतात. उरलेला एक परदेशात राहून आलेला असतो. तो चुकतोच, पण मोठ्याने.)

आमच्या नळांच्या कारखान्यात ही अडचण कायमची निकालात काढण्यात आली आहे. इतर संस्थांनाही तिचा लाभ व्हावा, म्हणून हे निवेदन. मी संबंधित कक्षाचा सचिव आहे, तेव्हा कौतुक थोडं जास्त झालं तर तो हुद्द्याचा भाग समजावा.

सुरुवात एका पत्राने झाली. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला आमच्या विक्री विभागाने कळवलं, की तुमच्या ऑर्डरवर आम्ही 'हार्डली' काम करत आहोत. म्हणायचं होतं, जीव तोडून करत आहोत. पण नुसतं 'हार्ड' जरा उघडंबोडकं दिसतं म्हणून विक्रीवाल्याने मागे 'ली' जोडली आणि अर्थ असा झाला, की आम्ही काम जवळजवळ करतच नाही. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, आम्हालाही तोच संशय होता. ऑर्डर गेली. (काम खरोखरच होत नव्हतं, असा एक मुद्दा बैठकीत निघाला होता. तो विषयाला सोडून असल्यामुळे वगळण्यात आला.)

साहेबांनी लगोलग कक्ष नेमला. कागदोपत्री त्याचं नाव 'विशेषण-क्रियाविशेषण निर्णय कक्ष'. कारखान्यात सगळे त्याला 'शेपूट खातं' म्हणतात, कारण आलेल्या शब्दाला 'ली'ची शेपटी लावायची की नाही, एवढंच आम्ही ठरवतो. अध्यक्षपदी निवृत्त मास्तर आहेत. साहेबांना शाळेत इंग्रजीत नापास करणारे ते हेच. (साहेब मोठ्या मनाचे आहेत.) सचिव मी. तिसऱ्या सदस्य टायपिस्टबाई. त्यांना दोन्ही शब्द सारखेच वाटतात, म्हणून मतं समसमान पडली की त्यांचं मत निर्णायक धरायचं, असं ठरलं आहे.

पद्धत सोपी आहे. कारखान्यातला प्रत्येक इंग्रजी मजकूर आधी आमच्याकडे येतो. त्यात शंकास्पद शब्द आढळला, की पिवळी चिठ्ठी लावून तो परत जातो. लिहिणाऱ्याने शेपटी का लावली किंवा का लावली नाही, याचा खुलासा करायचा. मग मास्तर डोळे मिटून ते वाक्य तीनदा मोठ्याने म्हणतात आणि कानाला खुपतं का ते बघतात. कोणतंही वाक्य तीनदा म्हटलं की खुपतंच, हे पहिल्याच बैठकीत सिद्ध झालं. अशी वाक्यं पुढच्या बैठकीसाठी ठेवली जातात. सध्या सगळीच ठेवलेली आहेत.

तरीही फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पत्रं आखूड झाली. आमच्या माहितीपत्रकात पूर्वी नळांबद्दल काय काय लिहिलेलं असायचं. आता 'हा नळ आहे' एवढंच असतं आणि त्यात आजवर एकही चूक सापडलेली नाही. स्वागतकक्षातल्या मुलीला फोनवर कोणी 'हाऊ आर यू' विचारलं तर 'गुड' म्हणावं की 'वेल', याचा निकाल लागेपर्यंत ती 'येस' म्हणते. समोरचा फोन ठेवून देतो, त्यामुळे फोनचं बिलही उतरलं आहे.

माझी बायको याच कारखान्यात स्टोअर सांभाळते. स्टोअर तळमजल्यावर, पॅकिंग तिसऱ्या मजल्यावर आणि दोन्हींच्या मध्ये मालाची लिफ्ट. नळांच्या पेट्या घेऊन तिला त्या लिफ्टने वर जावं लागतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, ती लिफ्ट काही धड नाही. वर जाताना कर्र कर्र आवाज येतो आणि मध्येच हातभर खाली बसते. मला तिच्यात पाय ठेवायची भीती वाटायला लागलीय."

"लेखी दे," मी म्हणालो.

"आत्ता तोंडाने सांगतेय ना तुम्हाला."

"घरी सांगून काय उपयोग? घरी मी सचिव नाही."

"मग घरी कोण आहात तेवढं तरी सांगा," असं म्हणून तिने ताटं उचलली. माझं जेवण व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची तक्रार माझ्याच टेबलावर आली. 'द लिफ्ट इज साउंडिंग बॅड.' नवरा म्हणून मला तिचा अभिमान वाटला. वाक्य सुटसुटीत होतं. पण 'बॅड' की 'बॅडली'? घरचं माणूस म्हणून सूट दिली असती तर उद्या साऱ्या कारखान्याने बोट दाखवलं असतं. मी स्वतःच्या हाताने पिवळी चिठ्ठी लावली. खुलाशाच्या जागी तिने मराठीत लिहून पाठवलं, 'दोन्ही.' असं उत्तर आमच्या पद्धतीत बसत नाही. मास्तरांनी वाक्य तीनदा म्हटलं, ते खुपलं आणि पुढच्या बैठकीवर गेलं. त्या बैठकीच्या दिवशी मास्तरांना सर्दी झाली होती, आणि बसलेल्या आवाजात दिलेला निर्णय ग्राह्य धरता येत नाही.

तोवर ती जिन्याने पेट्या नेत होती, एकेक करून. माल उशिरा पोचायला लागला, पॅकिंगच्या मुकादमाने आरडाओरडा केला, तेव्हा ती परत लिफ्टने जायला लागली. आणि एका सकाळी लिफ्ट हातभर बसायच्या ऐवजी मजलाभर बसली.

हमाल धावत वर आला. "दादा, चला लवकर, वहिनी लिफ्टमध्ये पडल्यात." या वाक्यात 'लवकर' हे क्रियाविशेषण आहे, हे माझ्या ध्यानात आलं ते संध्याकाळी. त्या वेळी फक्त जिना दिसत होता. मी फार घाबरलो होतो. ही नोंद वैयक्तिक आहे. कक्षाचा तिच्याशी संबंध नाही.

पाय मोडला होता. कारखान्याने कसलीही हयगय केली नाही. 'गेट वेल सून' असं छापलेलं भेटकार्ड त्याच दिवशी मागवण्यात आलं. त्यातलं 'वेल' नेमकं कोणत्या जातीचं, हा प्रश्न अर्थातच आमच्याकडे आला. तो विचाराधीन असतानाच प्लास्टर निघालं, त्यामुळे कार्ड आता पुढच्या अपघातासाठी जपून ठेवलं आहे.

लिफ्टही त्याच दिवशी बंद करायची ठरली. नियमाप्रमाणे पाटी लावल्याशिवाय लिफ्ट बंद करता येत नाही आणि पाटी इंग्रजीत लागते. रंगाऱ्याने कच्चा मजकूर पाठवला: 'टेम्पररी क्लोज्ड' की 'टेम्पररिली क्लोज्ड'? वायरमन म्हणाला, "मराठीत लिहा ना, लिफ्ट बंद आहे. संपलं." मास्तरांनी त्याला शांतपणे समजावलं, की मराठी आपल्या अधिकारात येत नाही. पाटी प्रलंबित आहे, म्हणून लिफ्ट चालू आहे. आज सकाळीही तिने दोन माणसं आणि सोळा पेट्या वर नेल्या.

बायको आता काठी टेकत जिना चढते. माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा न राहवून विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाली, "बॅड. शेपटी लावायची तर लावा आता."

वाचकहो, पाटीवरचा बरोबर शब्द कोणता, ते तुम्ही केव्हाच ठरवलेलं आहे. लिफ्टच्या तक्रारीपाशीही तुम्ही क्षणभर थांबून 'बॅड' की 'बॅडली' हे मनात म्हणून बघितलंत. आमच्याकडे सचिवाची जागा लवकरच रिकामी होत आहे. मी राजीनामा लिहिला आहे. (इंग्रजीत लिहिला, म्हणून तो कक्षापुढे आहे.) तुम्ही जरूर अर्ज करावा. लागणारी पात्रता तुमच्यात आहे. बायकोचा कोणता पाय मोडला, डावा की उजवा, हे मी या निवेदनात कुठेही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही ते विचारलं नाहीत.