तीन हृदयांची शंका

"आजोबा, आजपासून तुमच्या वाचनाची चिंता मिटली!" भिंगरीने छाती पुढे काढून जाहीर केलं.

चिंता खरं तर तिचीच होती. आजोबा निवृत्त हेडमास्तर. त्यांची दृष्टी गेल्यापासून रोज संध्याकाळी तीच वाचून दाखवायची. कथा-कादंबऱ्या वर्ज्य, खरीखुरी माहिती हवी. आणि दर ओळीला आजोबांचा हात वर! शंका! आता तिची व्हॉलीबॉलच्या संघात निवड झालेली आणि सराव नेमका संध्याकाळी. म्हणून तिने जुन्या फोनवर समुद्री जीवांचं ऑडिओबुक लावलं, आवाज मोठा केला आणि धूम ठोकली.

शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि थेट बाबांच्या औषधांच्या दुकानात फोन! "तुमच्याकडे कुणी बुवा शिरलाय! केव्हाचा एकटाच बोलतोय. आजोबांचं हूं नाही की चूं नाही!"

अख्खी शाळा ज्यांच्यापुढे चळचळा कापायची, ते गप्प? दुकान उघडं टाकून बाबा धावत सुटले. दारातच सरावाहून परतलेली भिंगरी भेटली.

"घरात कुणीतरी घुसलंय!"

"बाबा, अरे ऐक तर..."

"तू मागे राहा!" झाडू उगारून बाबा आत शिरले. "चल, बाहेर हो आधी!"

"या प्राण्याला," शांत आवाज आला, "तीन हृदयं असतात."

झाडू हवेतच राहिला.

"श्श! कुणी बोलत असताना ओरडतोस?" आजोबा गरजले. "एक तर उशिरा आलास. बस खाली!"

बाबा झाडूसकट जमिनीवर बसले. मांडी घालून!

भिंगरीने फोन बंद केला, आणि मग तिला दिसलं. आजोबांचा उजवा हात वर होता. डाव्या हाताने त्यांनी कोपराला आधार दिला होता. शेजारच्या चहावर साय धरली होती.

"आजोबा, हा नुसता आवाज आहे. सांगितलं होतं ना मी?"

"ठाऊक आहे गं. म्हणून काय शिस्त सोडायची? वाटलं, एखाद्या धड्याच्या शेवटी तरी विचारेल, कुणाला काही शंका?"

भिंगरीने फोन बाजूला सारला. "मला विचारा."

"ऑक्टोपसला तीन हृदयं. मग दुःख झालं की त्यातलं कुठलं दुखतं?"

"माहीत नाही, आजोबा."

"असू दे. विचारायला तरी मिळालं." त्यांनी हात सावकाश खाली घेतला. "सराव सोडू नकोस हं. बोलू दे याला. शंका मी जपून ठेवीन. तू आलीस की विचारीन."

"आजच्या किती आहेत?"

"बस, सांगतो."

तेवढ्यात जमिनीवरून आणखी एक हात वर झाला. झाडूसकट.

"अप्पा, मी जाऊ? दुकान उघडंच आहे!"

"तास संपला की," आजोबा म्हणाले.