धोंडूतात्यांची पंगत

आमच्या शेजारचे धोंडूतात्या रानडुकरांना डुकरं म्हणत नाहीत, पावणं म्हणतात. त्यापायी माझा भाऊ एकदा रुसला. तो आमच्या गावी, डिंगोऱ्याला, आला होता, ओट्यावर चहा पीत होता, आणि तात्या बांधावरून ओरडले, "सूनबाई, पावण्यांनी काल समदं रान उकरलं. यंदा एकेकाला कोंडतोच." भाऊ अर्धा चहा ठेवून उठला.

कोंडायची तयारी मात्र तात्यांनी जोरात केली होती. ओढ्याकाठी जाळीचा मोठा पिंजरा, त्याचं दार दोरीनं वर टांगलेलं, दोरीचं टोक तात्यांच्या राखणीच्या माळ्यावर बांधलेलं. डुकरं आत शिरली की दोरी सोडायची, दार खाली, मग फॉरेस्टवाल्यांना फोन. पहिली सापडली ती आमची शेळी. नंतर मोबाईलला रेंज शोधत फिरणारे तात्यांचेच जावई. जावई आतून दार हलवत होते आणि तात्या माळ्यावरून म्हणत होते, "दमानं घ्या राव, गाठ बसलीय."

मला दम नव्हता. पिंजऱ्याला लागूनच आमचा भुईमूग. शेंगा भरत आल्या होत्या आणि डुकरं रोज थोडं थोडं वावर उकरत होती.

"तात्या, धरणार कधी?"

"पंगत बसू दे."

हे त्यांचं कायमचं उत्तर. तात्या जन्मभर गावच्या लग्नांत वाढपी. बुंदीची बादली घेऊन पळायचे. जो नको म्हणेल त्याच्या पानात हमखास दोन मुठी जास्त. आता लग्नं कार्यालयात होतात, बुफे असतो. मागे एका लग्नात तात्यांनी सवयीनं बादली उचलली, तर केटररच्या माणसानं ती काढून घेतली. "बाबा, तुमी ताट घ्या आन् लाईनीत या," म्हणाला. तात्या न जेवता घरी आले.

शेवटी एका संध्याकाळी मीच माळ्यावर जाऊन बसले. खाली पिंजऱ्यात तात्यांनी मक्याचे ढीग मांडले होते. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक ढिगाच्या डाव्या बाजूला, चटणीच्या जागी, गुळाचा खडा.

दिवेलागणीला डुकरीण आली, मागून पिल्लं. सगळी आत शिरली आणि खरोखरच ओळीनं लागली.

"तात्या, सोडा दोरी," मी कुजबुजले.

"जेवत्याला कोंडू व्हय?"

"मग कधी?"

"जेवण होऊ दे त्यांचं."

जेवण झालं. मंडळी विड्यालाही थांबली नाहीत. उठली ती तडक आमच्या भुईमुगात शिरली, मुखशुद्धीला.

मला रडू आलं. तात्या अजून खाली वाकून बघत होते. "धाकट्याला गूळ पोचलाच न्हाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, होत्या तशा कोवळ्या शेंगांसकट, उरलेला भुईमूग उपटायला घेतला. मजुरीला बायका सांगितल्या. दुपारी त्यांना बांधावर ओळीनं बसवलं, पत्रावळी मांडल्या आणि आमटीची बादली गुपचूप तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

तात्या बादलीकडे बघून घरी निघून गेले. मला वाटलं, रागावले.

आले ते धुतलेली टोपी घालून. बायका पत्रावळीवर आडवे हात धरत होत्या, तात्या बोटांच्या फटीतून आमटी ओतत होते. शेवटच्या पानापर्यंत गेले, मागे वळून सगळी ओळ नीट पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मंडळी."