धुराचं ताट आणि शहरदर्शन

मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलगी ही गौण बाब असून प्रथम पाहुण्यांना शहर दाखवणे आवश्यक आहे, असा शोध आमचे दाजी मन्मथप्पा यांनी लावला. दाजींचं आमच्या तालुक्याच्या गावात सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. वर्षाराणी ही त्यांची एकुलती एक लेक आणि माझी भाची. स्थळ पुण्याचं. म्हणजे मुलगा राजेश्वर पुण्यात नोकरीला. त्याच्या आई नीलम्मा जन्मभर सिरसाळ्यातच. पोरापोरीचं फोनवर केव्हाच जमलं होतं. आता फक्त नीलम्मांचा होकार यायचा होता.

"घरीच पुरणपोळी करू की," बहीण म्हणाली.

"येडी का खुळी तू?" दाजी उखडले. "पुण्याचे पाहुणे हायेत. म्हणतील, पोरगी खेड्यातली हाय!"

आमचं गाव खेडं नाही याचे पुरावे पालिकेनं नुकतेच उभे केले होते. ते दाखवायचं काम मामा या नात्यानं माझ्या गळ्यात पडलं.

प्रथम पाहुणे, दाजी, वर्षाराणी आणि मी असं आम्ही उद्यान पाहिलं. बाहेरून पाहिलं, कारण आतली स्वच्छता टिकावी म्हणून त्याला उद्घाटनाच्या संध्याकाळपासून कुलूप आहे. नंतर चौकातला पुतळा. तो अनावरणाची वाट बघत कापडात गुंडाळलेला.

"कुणाचा हाय?" नीलम्मांनी विचारलं.

"कोणत्या साहेबांची तारीख मिळती त्यावर हाय," मी खरं ते सांगितलं.

शेवटी सेल्फी पॉइंट. गावावर प्रेम असल्याचं तिथं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत जाहीर केलं होतं. मधला लाल बदाम तेवढा चोरीला गेला होता. त्या जागी राजेश्वरला उभं करून फोटो काढला. उन्हानं नीलम्मांचा चेहरा उतरला होता. दाजी म्हणाले, "आता लई भारी जागी जेवू."

ही भारी जागा मांजरसुंब्याच्या वाटेवर नवीनच झाली होती. हातमोजे घातलेल्या वेटरनं परातीएवढ्या काळ्या ताटात नखाएवढी भाकरी आणली. वर ठेच्याचा फेस. मग त्यानं पदार्थाची माहिती सांगितली. ती भाकरीपेक्षा पुष्कळ मोठी होती. ताटातून धूर निघाला तशी नीलम्मांनी धूपारती समजून हात जोडले.

आता आमच्याकडचा कायदा सांगतो. पाहुण्यानं 'नको' म्हणायचं आणि यजमानानं वाढायचं. पहिल्या 'नको'चा अर्थ वाढा, दुसऱ्याचा अजून वाढा. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. या कायद्याला अपील नाही.

"मॅडम, आणखी काही?" वेटरनं विचारलं.

"नको रं बाबा, लई झालं," नीलम्मा रीतीप्रमाणे म्हणाल्या.

त्या माणसानं ताट उचललं आणि गेला!

नीलम्मांनी दाजींकडं पाहिलं. दाजी चटकन उठले, स्वतःच्या ताटातला फेस चमच्यानं वाढायला निघाले. तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "सर, प्लीज बसा. ताटाची मांडणी बिघडते. इथं एकमेकांना वाढायची परवानगी नाही." गावंढळ दिसू या भीतीनं दाजी मुकाट बसले. पुढचं प्रत्येक ताट असंच आलं, 'नको' ऐकून गेलं. मला तर मॅनेजरच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता; पण मी मुलीचा मामा पडलो.

निघताना नीलम्मा एवढंच म्हणाल्या, "कळवतो."

आमच्या भागात 'कळवतो' म्हणजे नकार. पाहुण्यांची गाडी गेली आणि वर्षाराणीला रडू फुटलं. "बाबा, एकदा तरी घ्या म्हणायचं व्हतं की वो!" पोटात कावळे कोकलत होते, म्हणून मी गाडी मांजरसुंब्याच्या पहिल्या ढाब्यावर घातली.

तिथं खाटेवर मांडी ठोकून नीलम्मा आणि राजेश्वर शेवभाजीत भाकरी कुस्करत होते.

"गाडी माघारी घ्या, मामा!" दाजी कुजबुजले. पण वर्षाराणी केव्हाच खाली उतरली होती. तिनं टोपलीतली भाकरी उचलून नीलम्मांच्या ताटात टाकली.

"नको गं."

दुसरी टाकली.

"अगं न्हाई म्हणते ना पोरी!"

तिसरी टाकली. नीलम्मा तोंडभर हसल्या. "आन् मगाशी कावून वाढलं न्हाई?"

"तिथं वाढाया व्हतं काय, आत्या?"

"हे बरीक खरं. राजा, पोरगी आपली झाली बघ."

देवा शपथ, माझे डोळे भरून आले. त्यात ठेच्याचाही थोडा वाटा होता.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण राजेश्वरनं त्याच दिवशी फोटो टाकले. ढाब्याचा एकही नाही. सगळे धुराच्या ताटाचे. वर लिहिलं, 'अविस्मरणीय शहरदर्शन आणि फाइन डाइनिंग!' खाली लाल बदामांचा पाऊस. ते पाहून दाजींनी लोकाग्रहास्तव लग्नाचं जेवण त्याच हॉटेलला दिलं.

बदाम टाकणाऱ्यांची नावं मी वाचली आहेत. तुमचंही आहे. तेव्हा लग्नाला यायचंच. ताटातून धूर निघेल, वेटर विचारेल, आणि तुम्ही 'नको, लई झालं' म्हणाल. मांजरसुंब्याला मी जादा खाटा सांगून ठेवल्या आहेत. तिथं समोरासमोर आलो तर मुकाट जेवा, आणि घरी गेल्यावर धुराचाच फोटो टाका.